थ्रेड : ‘मिनी काश्मीर’च्या तळाशी काय आहे?

१/
सातारा जिल्ह्यातील तापोळा आणि बामणोली या परिसराला पर्यटनाच्या जाहिरातींनी ‘महाराष्ट्राचे मिनी काश्मीर’ हे बिरुद बहाल केले आहे. निळे पाणी, हिरवे डोंगर, लाइफ जॅकेट घातलेले हसरे चेहरे आणि पार्श्वभूमीला वासोटा. हे चित्र सुंदर आहे, यात वाद नाही. वाद बिरुदाविषयी आहे. ते भूगोलाच्या दृष्टीने चुकीचे, इतिहासाच्या दृष्टीने दिशाभूल करणारे आणि माणुसकीच्या दृष्टीने निष्ठुर आहे. हे तिन्ही आरोप या थ्रेडमध्ये क्रमाने मांडले आहेत.

२/
प्रथम भूगोल. कोयना महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावते आणि सह्याद्रीच्या मुख्य रांगेला समांतर दक्षिणेकडे वाहत जाते. हेळवाकजवळ ती काटकोनात पूर्वेकडे वळते आणि कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. हेळवाकच्या या वळणाजवळच धरणाची भिंत उभी राहिली. भिंतीची उंची १०३ मीटर. तिच्यामागे नदीचे अरुंद, लांबलचक खोरे पाण्याने भरले. ‘शिवसागर’ या नावाचा जलाशय तो हाच. त्याचे वय साठ वर्षांच्या थोडे पुढे आहे.

३/
दल हे नैसर्गिक सरोवर आहे. शिवसागर हे वीजनिर्मितीच्या यंत्रणेचे टाके आहे. त्याची साठवणक्षमता १०५.२५ टीएमसी. कोयनेचे तांत्रिक वर्ष १ जूनला सुरू होते आणि ३१ मे रोजी संपते, म्हणजे या पाण्याचे पंचांगही अभियंत्यांनी ठरवलेले आहे. जून ते सप्टेंबर टाके भरते आणि उरलेले आठ महिने ते रिकामे होत जाते. काही वर्षी जूनच्या तोंडावर साठा वीस टीएमसीच्याही खाली गेलेला आहे. काश्मीर असे दरवर्षी उतरत नाही.

४/
हे पाणी जाते कुठे? मुख्यतः पश्चिमेला. सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून ते कोकणच्या बाजूला पोफळीकडे कोसळते, वीज निर्माण करते आणि वाशिष्ठीतून समुद्राला मिळते. कृष्णा पाणीवाटपाच्या बच्छावत लवादाने या पश्चिमवाहिनी वापराला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. काही पाणी पूर्वेकडे सिंचनासाठी सोडले जाते. ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू या उपसा योजनांची तहान त्यावर भागते.

५/
एप्रिल-मे महिन्यांत बामणोलीच्या धक्क्यापासून पाणी दूर सरकते आणि पर्यटक ‘यंदा पाणीच नाही’ म्हणून हळहळतो. ते पाणी नाहीसे झालेले नसते. ते सांगलीच्या उसात गेलेले असते, मुंबईच्या पंख्यात फिरलेले असते. नावेखालची प्रत्येक फूट पाण्याची पातळी हा राज्याच्या विजेचा आणि शेतीचा हिशेब आहे. हा हिशेब माहीत नसलेल्या माणसाला जलाशय ‘निसर्ग’ वाटतो, आणि निसर्ग वाटला की त्याला इतिहास असू शकतो हेच विसरले जाते.

६/
शब्दांकडेही पाहावे. जाहिरातीत ‘बॅकवॉटर’ लिहिलेले असते. केरळच्या बॅकवॉटर्समुळे त्या शब्दाला नारळीची सावली आणि निवांतपणा चिकटला आहे. परंतु केरळातील ते जलविस्तार खाडी, नद्या आणि समुद्र यांच्या दीर्घ खेळातून घडले आहेत. मराठीत धरणामागच्या पाण्याला ‘फुगवटा’ असा नेमका शब्द आहे. पाणी अडवले म्हणून ते फुगले आणि मागे सरकत गावांत शिरले, ही सारी कथा त्या एका शब्दात आहे. म्हणूनच की काय, तो कोणत्याही फलकावर दिसत नाही.

७/
आता इतिहास. वासोट्याला जाणारा आजचा प्रवासी बामणोलीहून लाँचमध्ये बसतो, मेट इंदवलीच्या बाजूला उतरतो आणि जंगलातून गड चढतो. हा क्रम इतका अंगवळणी पडला आहे की वासोटा म्हणजे ‘पाण्यापलीकडचा किल्ला’ असा समज रूढ होतो आहे. जलाशयाच्या नावातील ‘शिव’ त्यात आणखी भर घालतो आणि शिवकाळातही मावळे नावेनेच वासोट्याला जात असावेत, असे कुणाला वाटू लागते. या समजाला कसलाही आधार नाही.

८/
वासोटा हा वनदुर्ग आहे. त्याची दुर्गमता पाण्याने दिलेली नाही. जावळीचे अरण्य, कोकणाच्या बाजूचे ताशीव कडे आणि वाघ-अस्वलांचा वावर यांनी ती दिली. ‘व्याघ्रगड’ हे त्याचे दुसरे नाव उगाच पडलेले नाही. कोकणातून वर येणाऱ्या घाटवाटा आणि कोयनेचे खोरे यांच्या सांध्यावर तो उभा आहे. आजही खेड तालुक्यातील चोरवण्याहून नागेश्वराच्या गुहेमार्गे पायी वासोट्याला येता येते आणि त्या वाटेवर नाव लागत नाही.

९/
१८१८ चे उदाहरण घ्यावे. दुसऱ्या बाजीरावाने सातारच्या छत्रपतींच्या घराण्यातील मंडळींना वासोट्यावर ठेवले होते. हंटर आणि मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारीही तेथे कैदेत होते. एप्रिल १८१८ मध्ये जनरल प्रिट्झलरचे सैन्य कोयनेच्या खोऱ्यातून गडापर्यंत पोहोचले. तोफा जुन्या वासोट्याच्या डोंगरावर चढवल्या गेल्या, तेथून भडिमार झाला आणि गड पडला. हे सैन्य जमिनीवरून चालत आले. ज्या तळातून त्या तोफा ओढल्या गेल्या, त्याच्या वरून आज मोटारबोटी धावतात.

१०/
इतिहासप्रेमी तरुणांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. किल्ल्याचा अर्थ त्याच्या वाटांत असतो. माची, बुरूज आणि दरवाजा यांची छायाचित्रे काढून किल्ला कळत नाही. कुठल्या गावातून रसद येत होती, कुठल्या वाडीत गडकऱ्यांची घरे होती, घाटाने माल कुठे उतरत होता, हे कळले तर किल्ला कळतो. वासोट्याच्या बाबतीत हा सगळा संदर्भ पाण्याखाली गेला. चंद्रराव मोऱ्यांच्या जावळीचा एक मोठा पट्टाच जलमय झाला. उरला तो संदर्भ तुटलेला गड आणि त्याच्याकडे नेणारी नाव.

११/
‘त्रिवेणी संगम’ पाहा. नावाडी लाँच थांबवून दाखवतो : इथे कोयना, सोळशी आणि कांदाटी या तीन नद्या मिळतात. प्रवासी तीन दिशांना पसरलेल्या पाण्याची छायाचित्रे घेतो. परंतु तिथे दिसतो तो संगम नसतो. तीन खोरी एकाच पातळीपर्यंत भरली आहेत, इतकेच दिसत असते. खरा संगम कित्येक फूट खाली आहे. तिथे वाहती पात्रे होती, काठावर भातखाचरे होती आणि पलीकडे जाण्यासाठी लोक उताराच्या जागा ओळखून होते.

१२/
तिसरा आरोप सर्वांत गंभीर आहे. जलाशयाखाली सुमारे शंभर गावे गेली. हजारो कुटुंबे उठली. मराठी गावगाड्यात शेतजमिनीला ‘काळी’ आणि वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ म्हणतात. कोयनेच्या खोऱ्यात काळी बुडाली आणि पांढरीही. खोऱ्याच्या तळाची भातजमीन हीच तेथील खरी दौलत होती. ती गेल्यावर ज्यांनी डोंगर चढून वर घरे बांधली, त्यांच्या वाट्याला उतारावरची नाचणी-वरी तेवढी उरली. इतरांना सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, रायगड आणि ठाणे अशा जिल्ह्यांत विखुरले गेले.

१३/
इथे एक कायदेशीर तपशील ध्यानात ठेवावा. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनासाठीचा महाराष्ट्राचा पहिला कायदा १९७६ चा आहे. कोयनेचे लोक त्याच्या दीड-दोन दशके आधी उठले. त्यांच्यापुढे होता तो १८९४ चा इंग्रजी अमलातील भूसंपादन कायदा, आणि त्या कायद्याला जमीन दिसत होती, माणूस दिसत नव्हता. भरपाई मिळे ती सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याला. कूळ, बलुतेदार आणि मजूर यांचे काय? या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी कोयनेच्या लोकांनी पुढची सहा दशके मोर्चे काढले. श्रमिक मुक्ती दलाच्या नेतृत्वाखालील आंदोलने चालू शतकातही झाली आहेत.

१४/
पाण्याने उठवलेल्यांपैकी जे डोंगरावर राहिले, त्यांच्यावर दुसरी पाळी आली. १९८५ मध्ये कोयना अभयारण्य घोषित झाले, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आला आणि २०१२ मध्ये अभयारण्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. अरण्य राखले जाणे आवश्यकच आहे. परंतु ज्या माणसांची जमीन विजेसाठी गेली, त्यांनाच पुढे चराई, लाकूडफाटा आणि शेती यांवरचे निर्बंध सोसावे लागले आणि काहींना पुन्हा गाव सोडावे लागले. एका पिढीला पाण्याने हलवले, दुसरीला वाघाने. पर्यटकाला मात्र दोन्ही गोष्टी एकाच तिकिटात दिसतात : पाणी आणि वन.

१५/
‘पण धरण आवश्यक होते’ असा प्रतिवाद येईल. होतेच. कोयनेच्या सर्व टप्प्यांची मिळून सुमारे १,९६० मेगावॅट क्षमता ही महाराष्ट्राच्या औद्योगिक उभारणीची पायाभरणी आहे आणि तिला ‘वरदायिनी’ म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. परंतु आवश्यकतेचा युक्तिवाद विस्मरणाला लागू होत नाही. वर आवश्यक होता म्हणून तो कुणाच्या घरावरून आला हे सांगू नये, असे कोणत्या न्यायाने ठरते? ज्यांच्या त्यागावर दिवा लागला, त्यांच्या गावांची नावे लिहायला किती युनिट वीज खर्च होते?

१६/
‘त्या काळी कुणी विरोध केला होता का?’ हा दुसरा प्रतिवाद. त्याचे उत्तर शेजारच्या पुणे जिल्ह्यात आहे. १९२१ साली मुळा आणि नीला नद्यांच्या संगमावरील टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीच्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्याच्या अग्रभागी होते. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. सत्याग्रह हरला आणि धरण झाले. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याला जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले. आज मुळशीच्या पाण्यावरही कयाक वल्हवल्या जातात. त्यांपैकी किती वल्हवणाऱ्यांना ही घोषणा ठाऊक असते?

१७/
तिसरा प्रतिवाद सर्वांत सबळ आहे : ‘पर्यटनामुळे याच लोकांच्या हाताला काम मिळते.’ हे खरे आहे आणि म्हणूनच हा थ्रेड नौकाविहाराविरुद्ध नाही. नाव या लोकांच्या जीवनात करमणूक म्हणून आली नाही. रस्ता बुडाला म्हणून नाव आली. कांदाटी खोऱ्यातील माणसाला बाजार, दवाखाना, शाळा आणि कचेरी गाठायची तर लाँच, आणि वाहन न्यायचे तर तराफा. पाणी उतरले की धक्का सुटतो, चिखल लागतो आणि आजाऱ्यालाही त्या चिखलातून न्यावे लागते. पर्यटकाचा हंगाम संपतो, तेव्हा गावकऱ्याची खरी परीक्षा सुरू होते.

१८/
फुगवट्यातील प्रवासी नाव किती नाजूक गोष्ट आहे, हे उजनीने दाखवले. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा मृत्यू झाला. ते सहलीला निघालेले नव्हते. धरणाने दोन तीर दूर केलेल्या गावांमधील तो नित्याचा प्रवास होता. त्याच वर्षी, मार्च महिन्यात, कोयनेच्या काठी मुनावळे येथे जलक्रीडा केंद्राचे उद्घाटन झाले होते. खेळाच्या नावेला जी सुरक्षितता, जी जॅकेटे आणि जो निधी मिळतो, तो नित्याच्या नावेला आधी मिळाला पाहिजे. या मागणीत न पटण्यासारखे काय आहे?

१९/
इतिहासाचे ज्ञान येथे शोभेचे नाही, ते वल्हे मारणाऱ्याच्याही उपयोगाचे आहे. भरलेल्या जलाशयात कयाक घेऊन जाणे आणि उतरत्या पाण्यात जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पातळी खाली गेली की जुन्या झाडांचे बुंधे, घरांची जोती आणि शेतांच्या ताली पृष्ठभागाच्या जवळ येतात. काठ सुकलेला दिसतो, पण पाय ठेवला की गुडघाभर गाळ लागतो. गाव कुठे होते हे ज्या म्हाताऱ्या नावाड्याला माहीत आहे, त्याला नाव कुठून नेऊ नये हेही माहीत असते.

२०/
मग करायचे काय? पहिली गोष्ट : प्रत्येक धक्क्यावर एक साधा फलक असावा. त्यावर या भागात बुडालेल्या गावांची नावे, गाव उठले ते वर्ष, लोक कुठे गेले ते ठिकाण आणि पूर्ण साठ्याच्या व उन्हाळ्याच्या पातळीची खूण असावी. दुसरी : नौकाविहाराचे परवाने देताना पहिला हक्क प्रकल्पग्रस्तांचा असावा आणि तो कागदावर न राहता धक्क्यावर दिसावा. तिसरी : जलपर्यटनाच्या उत्पन्नातील ठरावीक वाटा कांदाटीसारख्या खोऱ्यांच्या नित्य वाहतुकीसाठी राखावा. या तिन्ही मागण्यांना कोणतेही नवे धरण फोडावे लागत नाही.

२१/
चौथी गोष्ट सरकारकडे मागायची नाही. ती इतिहासप्रेमी तरुणांनी स्वतः करायची आहे. डिसेंबरात सगळेच जातात. एकदा मे महिन्यात जावे. पाणी उतरलेले असताना काय उघडे पडते ते पाहावे : देवळाचे जोते, विहिरीचा कठडा, बांधांच्या रेषा. वीरगळ किंवा कोरीव दगड दिसला तर तो उचलू नये आणि हलवू नये. त्याची जागा नोंदवावी व छायाचित्र घ्यावे. जुने भूमापन नकाशे आणि १८८५ चे सातारा जिल्ह्याचे गॅझेटियर सोबत ठेवून गावांची नावे जुळवावीत.

२२/
आणि काठावर एखादे म्हातारे माणूस भेटले तर गडाची वाट विचारण्याआधी त्याला त्याच्या गावाचे नाव विचारावे. जुने गाव, पाण्याखालचे. गावठाण कुठे होते, ग्रामदैवत वर कसे आणले, जत्रा कोणत्या माळावर भरत असे, भात कोणत्या जातीचे पिकत असे, कोणाकडे किती खाचरे होती, पाणी पहिल्यांदा कोणत्या घराला लागले. परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण करावे. किल्ल्यांच्या तटांचे मोजमाप पुढील शंभर वर्षे करता येईल. हे मोजमाप तसे थांबणारे नाही.

२३/
साधा हिशेब आहे. १९६० च्या सुमारास जे पंधरा वर्षांचे होते, ते आज ऐंशीच्या घरात आहेत. कोरडे खोरे पायी तुडवलेली, सोळशीचा उतार ठाऊक असलेली, बामणोलीहून वासोट्याच्या पायथ्यापर्यंत नावेविना गेलेली ही शेवटची पिढी आहे. धरणाच्या साठ्याची नोंद रोज होते, फूट-इंचांत आणि टीएमसीत. या माणसांच्या स्मरणातील साठा मात्र कुणी मोजत नाही, आणि तो १ जूनला पुन्हा भरत नाही.

२४/
तेव्हा नावेत जरूर बसावे. भाडे नावाड्याशी घासाघीस न करता द्यावे, जॅकेट घालावे, वासोटा चढावा, छायाचित्रही टाकावे. फक्त त्या छायाचित्राखाली ‘मिनी काश्मीर’ लिहिण्याऐवजी एक ओळ वेगळी लिहावी : नाव ज्या गावावरून गेली, त्या गावाचे नाव. ते माहीत नसेल तर नावाड्याला विचारावे. बहुतेक वेळा ते त्याच्या आजोबांचेच गाव असते.